ब्रह्मांड बघून झालं, आता विचारायचं कुणाला?

खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांची 'कॉसमॉस' ही विश्वाबद्दलची तेरा भागांची मालिका अमेरिकेत 28 सप्टेंबर 1980 रोजी सुरू झाली आणि काही वर्षांनी दूरदर्शनवरून आपल्याकडे पोचली. पुढे नव्वदच्या दशकात दूरदर्शनने आपले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांची 'ब्रह्मांड' ही हिंदी मालिका दाखवली. या दोन मालिकांवरून आमच्या घरात रविवारी हमखास वाद होतो. एका बाजूला माझा धाकटा भाऊ, देवनारच्या टेलिकॉम फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेला. दुसऱ्या बाजूला माझी लेक, गोवंडीतल्या महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. भाऊ म्हणतो, या मालिकांनी माझ्यासारख्या माणसाचं आयुष्य बदललं. लेक म्हणते, मालिका बघून माणूस थक्क होतो आणि थक्क होऊन झोपी जातो. दोघंही पोटतिडकीने बोलतात. जसं ऐकलं तसं लिहिते आहे, आणि जिथे राहवलं नाही तिथे मधे बोलतेही आहे.

भाऊ : अगं, तेव्हा आमच्या चाळीत शटरचा एकच टीव्ही. अँटेना पत्र्यावर बांधलेला, तोंड वरळीच्या टॉवरकडे. जरा वारा सुटला की फिरायचा. एक जण वर, एक जण दारात. "आलं का?" "नाही, मुंग्याच!" "आता?" "थोडं डावीकडे!" अशा टीव्हीवर मी पहिल्यांदा शनीची कडी बघितली. आयटीआय झालेला पोरगा मी. मला कोण शनी दाखवणार होतं? आमच्याकडे शनी म्हणजे शनिवारी तेल वाहायचा देव. मशीनवर कुणाचं बोट कापलं तरी साडेसाती म्हणणारी माणसं होती वस्तीत.

लेक : कडी दिसली आणि साडेसाती गेली का वस्तीतून?

भाऊ : माझ्या डोक्यातून गेली.

लेक : एका डोक्यातून.

भाऊ : ती एकेका डोक्यातूनच जाते.

हे मात्र खरं आहे. त्याच्या लग्नात त्याने पत्रिका बघू दिली नाही, म्हणून आई त्याच्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हती.

लेक : मामा, तुमचं कौतुकच आहे. पण आज सकाळी टीव्ही लावा. एका वाहिनीवर कृष्णविवर, दुसऱ्यावर आजचं भविष्य. बघणारा माणूस एकच, आणि तो दोन्ही आवडीने बघतो. कृष्णविवर बघून त्याच्या राशीला धक्का लागत नाही. नारळीकरांना हे कळत होतं, म्हणून ते नुसते पडद्यावर बोलून थांबले नाहीत. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीबरोबर त्यांनी फलज्योतिषाची चाचणीच घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतल्या चाळीस पाठवल्या आणि विचारलं, यातली कुठली कुणाची ते सांगा. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेल्यांची सरासरी निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच जमलं असतं. याला मी विज्ञान म्हणते. प्रश्न असा विचारायचा की उत्तर चुकलं तर चुकलेलं दिसलंच पाहिजे. संगीत लावून आकाशगंगा फिरवली, की प्रश्न कुठे राहतो?

भाऊ : ती चाचणी झाली 2008 मध्ये. तोवर नारळीकर हे नाव घराघरांत कशामुळे गेलं होतं? पुस्तकांमुळे आणि टीव्हीमुळे. त्यांच्या शब्दाला वजन आलं ते लोकांनी त्यांना ऐकलेलं होतं म्हणून. आणि तुला ग्रहणाचं सांगतो. 16 फेब्रुवारी 1980. सूर्यग्रहण. मुंबईत खंडग्रासच होतं, पण रस्ते ओस. माणसं खिडक्या लावून आत. आईने मला माडीवर जाऊ दिलं नव्हतं. पंधरा वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1995, दिवाळीतलं ग्रहण. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी देशभर गणपती दूध प्यायला होता, तरी या ग्रहणाला लोक चष्मे लावून बाहेर पडले. दूरदर्शनवर ग्रहण थेट दाखवलं, प्राध्यापक यशपाल समजावून सांगत होते. मधल्या पंधरा वर्षांत काय झालं? हेच झालं.

लेक : आणि 26 डिसेंबर 2019? कंकणाकृती होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, कुणी कुणी बघितलं? थोडे हात वर आले. बाकीच्यांना घरातून बाहेरच सोडलं नव्हतं. एका मुलीची आई गरोदर होती, तिला सकाळपासून भाजीही चिरू दिली नव्हती. त्या घरात स्मार्ट टीव्ही आहे, मामा. त्यावर तुमच्या सेगनपेक्षा कितीतरी सुंदर चित्रं दिसतात.

भाऊ यावर थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने फोन काढून लेकीला एक फॉरवर्ड दाखवला. सेगन यांचा फोटो, खाली मजकूर : थोर अमेरिकन शास्त्रज्ञाने मान्य केलं आहे की विश्वाचं वय हिंदू धर्माला आधीच ठाऊक होतं.

भाऊ : हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. मला याचा राग येतो, कारण मी तो भाग बघितलाय. दहावा भाग. सेगन तमिळनाडूत गेले होते, पोंगल दाखवला, चोळांचा नटराज दाखवला. ब्रह्मदेवाचा एक दिवस आणि एक रात्र मिळून 864 कोटी वर्षं, म्हणजे आजच्या खगोलशास्त्रात येतात तसल्या मोठ्या आकड्यांच्या जवळपास जाणारा आकडा, हे त्यांनी आदराने सांगितलं. पण त्याच वाक्यात ते असंही म्हणाले होते की हे जुळणं योगायोगाचं आहे. फॉरवर्डवाल्याने नेमकं तेच गाळलं.

लेक : मग बघा ना! चांगल्यातली चांगली मालिका, सांगणारा प्रामाणिक, तरी शेवटी लोकांच्या हातात काय उरलं? आकडा. कल्प म्हणजे 432 कोटी वर्षं, पृथ्वीचं वय साधारण 454 कोटी. जुळलं, टाळ्या! पण 454 हा आकडा खडकातल्या युरेनियमचं शिसं होण्याचा वेग मोजून, उल्का तपासून काढला. 432 युगांच्या गुणाकारातून आला. आकडा कुठून आला हे विचारायची सवय नसेल, तर दोन्ही सारखेच. पडदा ती सवय लावत नाही.

भाऊ : ग्रुपवर मी लिहिलं, गाळलेला शब्द परत घाला म्हणून. सोसायटीत दुसऱ्या कुणी लिहिलं नाही. मी लिहिलं, कारण मी मालिका बघितली होती.

माझ्या मते हा मुद्दा भावाने जिंकला. लेकीने तो मान्य केला नाही, पण विषय बदलला, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ तोच होतो.

लेक : तुमच्या टीव्हीवरच्या मुंग्यांचं बोलू या. तुम्ही पत्र्यावर चढून ज्या मुंग्या घालवत होतात ना, त्यांतला शंभरातला जेमतेम एक भाग विश्वाच्या सुरुवातीचा होता. विश्व तापलेलं होतं तेव्हाचं उरलेलं प्रारण. 1964 मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात असाच गुरगुराट येत होता. त्यांना वाटलं, कबुतरांनी घाण केलीय. अँटेना घासून साफ केला, कबुतरं हाकलली, आवाज जाईना. त्या न जाणाऱ्या आवाजाला 1978 मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे तुमच्या चाळीच्या पत्र्यावर रोज संध्याकाळी विश्वाचा जन्म उतरत होता आणि तुम्ही तो घालवून शनीचा फोटो बघत होतात. मालिकेने सांगितलं होतं का, की टीव्ही बंद केंद्रावर लावा आणि हे बघा?

भाऊ : (हसून) आत्ता सांगतेस होय! आता तसला टीव्ही कुठून आणू? हल्लीच्या टीव्हीत मुंग्या येतच नाहीत. निळा पडदा येतो, त्यावर 'सिग्नल नाही'.

लेक : तेच म्हणते मी.

भाऊ : पण थांब. विश्वाचा जन्म म्हणालीस. नारळीकरांना विचारलं असतंस तर ते म्हणाले असते, सावकाश! ते महास्फोट मानत नव्हते. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी. 1964 मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. विश्वाला सुरुवात नाही, शेवट नाही, ही हॉईल यांची बाजू. पुढे सगळं जग दुसऱ्या बाजूला गेलं, पुरावा तिकडे झुकला. तरी 1993 मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी आपला सिद्धांत दुरुस्त करून पुन्हा मांडला. आता विचार कर. आपल्या देशात खगोलशास्त्राचा सगळ्यांत ओळखीचा चेहरा कुणाचा? तर त्या शास्त्रातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट न पटलेल्या माणसाचा. तू म्हणतेस प्रश्न विचारायची सवय लागत नाही. एवढा मोठा माणूस जगाविरुद्ध उभा राहून शांतपणे 'मला पटत नाही, कारण असं असं' म्हणतो, हे बघून नाही लागत?

लेक : पटतं मला हे. फक्त एक विचारते. ते जगाविरुद्ध उभे होते हे तुम्हाला मालिकेतून कळलं की नंतर वाचून?

भाऊ : वाचून. लेखांतून, भाषणांतून.

लेक : बरं.

इथे मी दोघांना चहा दिला आणि खिडकी लावली, कारण वारा डम्पिंगकडून येत होता. देवनारमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. 1927 पासून मुंबईचा कचरा इथे पडतो आहे. जानेवारी 2016 मध्ये त्याला आग लागली तेव्हा आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि तो धूर नासाच्या उपग्रहचित्रांत दिसला. अवकाशातून देवनार दिसलं. देवनारमधून अवकाश दिसतं का, हा प्रश्न मात्र माझ्या लेकीशिवाय कुणी विचारलेला मला ठाऊक नाही.

भाऊ : म्हणून तर मालिका हवी! इथल्या पोरांना आकाशगंगेचा पट्टा दिसणार कुठून? दिवे, धूर, धूळ. खगोल मंडळाचे लोक रात्रभराच्या आकाशदर्शनाला वांगणीपर्यंत जातात. लोकलचं तिकीट, रात्रीचं जेवण, घरच्यांची परवानगी. तुझ्या वर्गातल्या किती मुलींना घरचे रात्री वांगणीला सोडतील?

लेक : एकीलाही नाही. म्हणून मी रात्रीवर अवलंबून राहत नाही. सूर्य तर आहे ना देवनारमध्ये? मामा, 'कॉसमॉस'चा पहिला भाग आठवा. सेगन यांच्या हातात पुठ्ठ्याचा नकाशा, त्यावर दोन काठ्या उभ्या. नकाशा सपाट असेपर्यंत दोन्ही सावल्या सारख्या. मग ते पुठ्ठा वाकवतात. एका काठीची सावली नाहीशी होते, दुसरीची राहते. इरॅटोस्थेनिसने दोन हजार वर्षांपूर्वी एवढ्यावर पृथ्वीचा घेर काढला. तो भाग बघून तुमच्या चाळीत कुणी काठी रोवली?

भाऊ : कुणी नाही.

लेक : आम्ही रोवली. मुंबईवरून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावरून जातो. एकदा मे महिन्याच्या मध्यात आणि एकदा जुलैच्या शेवटी. जुलैत पाऊस, त्यामुळे सूर्यच दिसत नाही. मेमध्ये शाळेला सुट्टी, अर्धा वर्ग गावाला गेलेला. मग जे इथे राहिले त्यांना वस्तीच्या मैदानात बोलावलं. एक मीटरची पीव्हीसीची नळी, ओळंबा लावून सरळ केली. मिस्त्रीकाम करणाऱ्या एका मुलाच्या बापाने ओळंबा दिला. साडेबाराच्या पुढे पाच-सहा मिनिटांनी सावली आक्रसत आक्रसत नळीच्या बुडात शिरली. एक मुलगी म्हणाली, बाई, तिने सावली गिळली! आणि गावाला गेलेली एक मुलगी धुळ्याला होती. तिला फोन करून सांगून ठेवलं होतं, तशीच नळी लाव, सावली सगळ्यांत लहान होईल तेव्हा मोज. धुळ्यात ती वेळ आपल्या आधी सात-आठ मिनिटं येते. तिथे सावली तीन सेंटिमीटरच्या आसपास पडायला हवी, कारण धुळं आपल्यापेक्षा सुमारे 1.8 अंश उत्तरेला, दोनशे किलोमीटर वर.

भाऊ : म्हणजे 360 भागिले 1.8, दोनशे. गुणिले दोनशे किलोमीटर. चाळीस हजार!

लेक : तुम्ही लगेच केलंत. मुलांना पूर्ण दुपार लागली, आणि आकडा काही चाळीस हजार आला नाही. अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला की सहा-सात हजार किलोमीटरचा फरक पडतो. मग भांडणं. नळी वाकडी होती, फरशी तिरकी होती, हिने सावलीची कड नीट धरली नाही. मामा, त्या भांडणासाठी मी शिकवते. ती मुलं आता कुणी आकडा सांगितला की विचारतात, कसा मोजला?

माझा भाऊ फिटर. आयुष्यभर मायक्रोमीटर हातात. अर्ध्या सेंटिमीटरवरून झालेलं भांडण ऐकून त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढचा वाद संपल्यासारखाच वाटला. पण तो संपला नाही.

भाऊ : एक सांग. काठी रोवायचं तुला कुठे सुचलं?

लेक : (थोडं थांबून) तुमच्याकडच्या सीडीवर. मी सातवीत असताना तुम्ही लावली होती.

भाऊ : झालं मग!

लेक : झालं नाही. मी बघत होते तेव्हा शेजारी तुम्ही होतात. दर दोन मिनिटांनी थांबवून मी विचारायचे, आणि तुम्ही सांगायचात. नाही आलं तर म्हणायचात, उद्या बघून सांगतो, आणि खरंच बघून यायचात. माझ्या वर्गातल्या मुलीच्या शेजारी कोण आहे? तिला फोनवर हवी तेवढी विश्वं दिसतात. विचारायला माणूस नाही.

भाऊ : नारळीकर हेच करायचे. सही मागायला आलेल्या मुलांना सांगायचे, तुझा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तर लिहून खाली सही करून पाठवतो. आणि पाठवायचे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संचालक होते तेव्हाही. 20 मे 2025 ला ते गेले, तेव्हा किती जणांनी जपून ठेवलेली ती कार्डं दाखवली.

लेक : मामा, त्या एका पोस्टकार्डावर मी तुमचे तेरा भाग ओवाळून टाकीन.

भाऊ : आणि ते पोस्टकार्ड लिहिणाऱ्या मुलाला नारळीकर कोण हे कसं कळलं होतं?

इथे दोघंही बरोबर आहेत. पण मला लेकीचं जास्त पटतं, आणि त्याचं कारण आमचा रस्ता आहे. वि. ना. पुरव मार्ग. चुनाभट्टीला याच रस्त्यावर मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आहे. परिषद 1966 पासूनची. तिच्याच विज्ञानकथा स्पर्धेत 1974 मध्ये नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. तोच रस्ता चेंबूर ओलांडून देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेवरून पुढे जातो आणि मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या फाटकापाशी पोचतो. खगोलशास्त्र ऑलिंपियाडसाठी देशभरातून निवडलेली मुलं तिथे शिबिराला येतात. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र ऑलिंपियाड झालं, साठाहून जास्त देशांची मुलं आली, त्याचं आयोजन याच केंद्राकडे होतं. या रस्त्यावर विश्वाबद्दल विचारायला जेवढी माणसं आहेत तेवढी देशात फार थोड्या रस्त्यांवर असतील. आणि लेकीच्या वर्गातली मुलं याच रस्त्यावरून बसने जातात-येतात. त्यांना त्या फाटकांच्या आत काय चालतं ते माहीत नाही. आपण प्रश्न घेऊन आत जाऊ शकतो, असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

भाऊ : मी येतो तुझ्या शाळेत. शनिवारी. पहिला भाग लावू.

लेक : या. पण काठीपाशी मी थांबवणार.

भाऊ : पूर्ण बघू दे गं! मधे तोडलं की त्याची गोडी जाते. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय येतं त्यात. शेवटी ते वैश्विक कॅलेंडर येतं. सगळ्या विश्वाचा इतिहास एका वर्षात बसवलेला, माणूस 31 डिसेंबरच्या रात्री येतो आणि लिहिलेला सगळा इतिहास शेवटच्या दहा सेकंदांत. मी ते बघितलं त्या रात्री मला झोप आली नाही.

लेक : तुम्हाला नाही आली. माझी मुलं तेवढ्यात पेंगतील. काठीपाशी थांबवून मैदानात नेईन, परत आणून पुढचं दाखवीन.

भाऊ : आणि व्हॉयेजरचं मी सांगणार. 1977 मध्ये सुटलेल्या त्या यानांवरच्या तबकडीत मराठीतून नमस्कार आहे, आणि गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आज व्हॉयेजर-1 इतकं लांब गेलंय की प्रकाशालाही तिथे पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. आपली भाषा तिथवर गेली आहे हे कळलं की ही पोरं ताठ बसतील.

लेक : सांगा. नक्की सांगा. पण आधी हे बघा.

तिने पिशवीतून वहीच्या कागदांची चळत काढली. मुलांनी लिहिलेले प्रश्न. चंद्र आपल्याबरोबर का चालतो? डम्पिंगच्या धुरात तारे विझतात का? तारा तुटतो म्हणजे एक तारा कमी होतो का? विश्वाच्या बाहेर कोण राहतं? सूर्य कशाला टांगला आहे?

भाऊ : (चष्मा लावत) टांगलेला नाही, असं लिहू. तो आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरतोय, एका फेरीला वीस-पंचवीस कोटी वर्षं...

लेक : लगेच उत्तर नको, मामा. आधी हे लिहिणाऱ्या मुलीलाच विचारू, टांगलेला नसता तर कुठे पडला असता? 'खाली' म्हणाली, तर खाली म्हणजे कुठे? धुळ्याच्या मुलीचं खाली आणि आपलं खाली एकाच दिशेला आहे का? नळी तर दोघींनी उभीच लावली होती.

भाऊ : आणि तिला नाही सांगता आलं तर?

लेक : तर तिला घेऊन मानखुर्दच्या फाटकावर जायचं. तुम्ही याल?